कोऱ्या अंकाला गोष्ट पाठवायची नाही

सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली." आदल्याच संध्याकाळी अक्का माझ्याशी भांडल्या होत्या. बोलताना धाप लागत होती, तरी म्हणाल्या, "त्या संपादकाला कळव, शेवट बदलणार नाय." मी म्हटलं, "अक्का, एवढ्या मोठ्या अंकात येतेय गोष्ट. एका ओळीत बाईला घरी आणा की! कुणाचं काय जातंय?"

"मी लई बोलावलं तिला," अक्का म्हणाल्या. "येत नाय ती."

अक्का म्हणजे यमुनाबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई. बजाजनगरात आमची घरं एकाच गल्लीत आणि कोपऱ्यावर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. मुलं मार्गी लागल्यावर त्या कथा-कविता लिहायला लागल्या आणि टाइप करायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. साहित्यातलं मला फारसं कळत नाही. पण लिहिलेलं कुठं पाठवायचं हे त्या ठरवतात कसं, याचं मला भारी कुतूहल. पत्ते काय, अंकाच्या पहिल्याच पानावर असतात. अक्का तिथून सुरुवात करत नसत. वाचनालयात दिवाळी अंक आले तरी त्या तिकडं फिरकायच्या नाहीत. शिमगा झाला की जायच्या, घरोघरी फिरून आलेले अंक टेबलावर मांडायच्या आणि नुसते चाळायच्या. कुठल्या पानाचा कोपरा दुमडलाय, कुठं चहा सांडलाय, कुठं हळदीचं बोट उमटलंय... "भाजी ढवळता ढवळता वाचलंय बघ कुणीतरी. इथं पाठवू." जाड, गुळगुळीत कागदाचा एक नावाजलेला अंक मात्र दरवर्षी कोरा करकरीत परत यायचा. तो त्या अलगद बाजूला सारायच्या. पहिल्या वर्षी फसगतही झाली. सगळ्यात मळका अंक निवडून कविता धाडल्या, मग लक्षात आलं की मळलं होतं ते राशिभविष्याचं पान. "मेली सगळी सिंह राशीची!" म्हणून स्वतःच हसल्या. पुढं फक्त कथा-कवितांची पानं तपासायच्या.

या व्यवहारात 'नाही' असं सहसा कुणी कळवत नाही. आषाढाच्या आत पाठवायचं आणि दिवाळीत अंक उघडून आपलं नाव शोधायचं. अक्कांच्या काही गोष्टी आल्या, बऱ्याच आल्या नाहीत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. हट्ट एकाच गोष्टीचा होता. एक बाई पाटी न वाचताच एसटीत बसते आणि घरी परतत नाही, ती गोष्ट. ती छापून यावी, आणि जशी आहे तशी यावी. कुणी घेईना, तेव्हा नाइलाजानं त्यांनी ती कोऱ्या अंकाकडं धाडली. तिथून होकार आला, पण शेवटी बाई घरी यावी या अटीवर.

तेरावं उरकल्यावर मी कोऱ्या अंकाच्या संपादकांना नकार कळवला. त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि गोष्ट परत केली. मग मी वाचनालयात गेले. "आज तुम्ही?" ग्रंथपाल म्हणाले आणि न सांगता त्यांनी अंक मांडून दिले. अक्कांसारखी नजर मला नाही. तरी एक पातळसा अंक सापडला, कथांची पानं पार सैल झालेला. गोष्ट टाकली पाठवून.

गेल्या आठवड्यात त्याच्या संपादकांचा फोन आला. "यमुनाबाईंशी बोलायचं होतं." त्या गेल्याचं मी सांगितलं. ते चाचरत म्हणाले, "एक विचारायचं होतं त्यांना. ती बाई उतरते कुठं?"

"शेवट बदलायचाय का तुम्हाला?" मी सरळ विचारलं.

"छे हो, गोष्ट गेली छपाईला. पण आमच्या घरात वाद पेटलाय. बायको म्हणते, खुलताबादेत उतरली. आई म्हणते, नाय, ती गाडीच अजिंठ्याची होती. म्हटलं, लिहिणारीलाच विचारावं."

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. सगळी गोष्ट मी टाइप केली होती, शेवटावरून भांडलेही होते, पण हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स काढता काढता डोक्यात एकच चाललं होतं... समजा, खुलताबादेत उतरली, तर तिथं तिचं होतं कोण?