कपाटातले बुटके मेज

उरायासू या जपानी शहरातले ते प्रकरण मी विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, महाराष्ट्र पोलिसांत निरीक्षक असताना, मी काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला होतो. तपास माझा नव्हता. एका मराठी जोडप्याचे जबाब घ्यायचे होते, दुभाषी मिळत नव्हता, म्हणून तिथल्या निरीक्षकांनी मला बोलावले.

खबर कचऱ्यातून आली होती. त्या जोडप्याच्या इमारतीतल्या एक वृद्ध बाई धातूचा कचरा टाकायच्या दिवशी सगळ्यांच्या पिशव्या पाहत. एका पारदर्शक पिशवीत, रिकाम्या डब्यांशेजारी, त्यांना सात पितळी पुंगळ्या दिसल्या. उडवलेल्या काडतुसांच्या, धुऊन लख्ख केलेल्या. पिशवीवर नियमाप्रमाणे घराचा क्रमांक आणि नाव होते. बाई सरळ पोलीस चौकीत गेल्या.

झडतीत भिंतीतल्या कपाटात, गाद्यांमागे, एक बुटके लाकडी मेज सापडले. त्यावर काडतुसे पुन्हा भरण्याचे हातयंत्र बसवलेले, खाली डब्यात बंदुकीची दारू. बंदूक नव्हती. पण विनापरवाना दारू बाळगणे एवढाच गुन्हा तुरुंगात जायला पुरेसा होता. घर भाड्याने घेतले होते त्या जोडप्यातल्या नवऱ्याने, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने. त्याला अटक झाली.

आधी बायकोचा जबाब घेतला. तिला मेज ‘ह्यांचं सुतारकाम’ म्हणून माहीत होते. पुंगळ्यांबद्दल विचारल्यावर ती गोंधळली.

“केराच्या डब्यात होत्या, साहेब. मी धुऊन टाकल्या. इथे टूनाचा डबासुद्धा धुऊन टाकावा लागतो. नाहीतर त्या आजी पिशवी परत दाराशी आणून ठेवतात.”

मी ते भाषांतर करून सांगितले, तेव्हा निरीक्षकांनी लिहिणे थांबवून तिच्याकडे पाहिले. लपवायचे असते तर कोणी नावानिशी पिशवी ठेवली नसती. बायको निर्दोष होती.

नवरा मात्र सगळे अंगावर घेत होता. मेज माझे, यंत्र माझे, दारू माझी. कुठून आणली, कशासाठी, यावर गप्प. दोन दिवस हेच. त्याच्या कंपनीतले विभागप्रमुख ठाण्यात येऊन गेले. आपल्या माणसामुळे त्रास झाला म्हणून कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली आणि पोलिसांसाठी मिठाईचा खोका ठेवला. परतताना बायकोला धीर दिला. मला माणूस चांगला वाटला. कबुली हातात होती. प्रकरण संपल्यात जमा होते. माझेही मत तेच झाले होते, हे लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्यातली मापे पडताळायला आम्ही त्या घरी गेलो. सोबत नेलेले मेज ततामीवर, म्हणजे चटईच्या जमिनीवर, मांडले. पाय दुखत होते म्हणून मी त्यापुढे मांडी घालून बसलो. दोन्ही गुडघे मेजाच्या पायांवर आपटले. सरकून पाहिले, हात यंत्राच्या दांड्यापर्यंत पोचेनात. निरीक्षक हसले. मी उठलो आणि त्यांना बसायला सांगितले. ते पाय दुमडून, टाचांवर बसले. गुडघे अलगद आत गेले, दांडा बरोबर हाताखाली आला.

मी बायकोला विचारले, तुमचे मिस्टर जेवायला कसे बसतात?

“मांडी घालून. या साहेबांसारखं टाचांवर बसायला गेले की मिनिटात ह्यांच्या पायाला मुंग्या येतात.”

निरीक्षकांचे हसणे थांबले. मेज टाचांवर बसणाऱ्या दुसऱ्याच कोणासाठी तरी केलेले होते. त्यांनी कंपनीतल्या बंदूक परवानाधारकांची नावे मागवली. एकच निघाले: विभागप्रमुख, हौशी शिकारी. परवानाधारकाच्या बंदुकीची आणि काडतुसांच्या नोंदींची पोलीस दरवर्षी तपासणी करतात. त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात होती.

संध्याकाळी मी इंजिनिअरला ठाण्यात भेटलो. प्रश्न विचारले नाहीत. समोर ते मेज ठेवले.

“बसून दाखवा.”

तो बसला नाही.

“साहेब, पुढच्या महिन्यात व्हिसा संपतोय. शिफारस आमच्या विभागप्रमुखांचीच लागते. म्हणाले, दारू थोडी जास्त झालीय, तपासणी होईपर्यंत ठेव. मेज मीच केलं. रविवारी ते येऊन काडतुसं भरत बसायचे. ही मराठी मंडळात जायची तेव्हा.”

“आणि पुंगळ्या?”

“तडकलेल्या होत्या. ते टाकून जायचे. मी केरात टाकल्या. ही केर निवडते, हे लक्षातच आलं नाही.”

विभागप्रमुखांच्या घरच्या नोंदवहीत वापरलेली म्हणून दाखवलेली दारू आणि इंजिनिअरच्या कपाटातली दारू यांचा मेळ बसला. त्यांना अटक झाली, परवाना गेला. इंजिनिअरवरचा खटला टळला, पण दारू जाणूनबुजून ठेवली होती; व्हिसा वाढला नाही. मी त्याच्या बाजूने काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते.

त्यानंतरच्या नोकरीत मी एक नियम पाळला. घटनास्थळी पोचलो की आरोपीची कबुली बाजूला ठेवायची आणि तो जिथे बसला असे सांगतो तिथे आधी स्वतः बसायचे. निदान दोन वेळा त्यामुळे निरपराध माणूस सुटला.

जोडपे परत निघाले त्या सकाळी मी निरोपाला गेलो. टॅक्सी उभी होती. बायको शेवटची पिशवी घेऊन कचऱ्याच्या जागेकडे निघाली होती. त्या वृद्ध बाई तिथेच उभ्या होत्या. पिशवीत धुतलेले डबे होते आणि वर ठळक अक्षरांत नाव. बाईंनी पिशवी पाहिली, जागेवर नीट ठेवली आणि त्या तिच्यापुढे वाकल्या.