चार कोपऱ्यांची खळ

पोस्टरं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास आला की मला कोल्हापुरातला सत्तरच्या दशकातला तो रविवार आठवतो. एका गुप्तहेर चित्रपटमालिकेच्या आम्हा वेड्यांचा मेळावा भरला होता आणि संग्राहक म्हणून मी माझं सर्वांत दुर्मिळ पोस्टर ऐटीत टांगलं होतं. ते थिएटरच्या भिंतीवरून, थेट गुप्तहेराच्या चोरपावलांनी, मी सोलून आणलंय हे अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सत्कार घ्यायला आले कोण, तर त्याच थिएटरची पोस्टरं चिकटवणारे मामा! नारळ काखेत मारून ते माझ्या पोस्टरपुढे थांबले, कोपऱ्यावरची वाळकी खळ नखानं खरवडली आणि गरजले, “हे माझ्या हातचं हाय!” सगळं सभागृह वळलं. आता चारचौघांत चोर ठरणार म्हणून मी पोस्टर उतरवायला पुढे झालो. मामा कानाशी येऊन कुजबुजले, तेही तीन रांगांना ऐकू जाईल असं, “भिताय कशाला, पावणं? पैल्या पोस्टरपुढं आठवडाभर घुटमळत हुतासा की! म्हणून त्याच्यावर तसंच दुसरं लावताना चार कोपऱ्यांनाच खळ लावली. नायतर माझं पोस्टर कुणाच्या बापाला निघत न्हाय!” सभागृह खदखदून हसलं आणि त्यात मीही. आज ते पोस्टर काचेमागे आहे. कोपऱ्यांवरची खळ मात्र मी कुणाला पुसू देत नाही.