जादाचा एक सेकंद

सेकंदकाकांना वेळ विचारायची सोय नव्हती. "झाले असतील दहा" हे त्यांच्या तोंडून कधी निघालंच नाही. मनगट डोळ्यांशी नेऊन ते म्हणायचे, "नऊ एकोणसाठ आणि... थांब, बेचाळीस." तोवर विचारणारा पसार!

नव्वदच्या दशकात ते सातपूरला आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायची नोकरी. मूलबाळ नाही, घरात ते आणि काकू. लोक सकाळी अभंग लावतात, हे शॉर्टवेव्हवर दिल्लीहून येणारी सेकंदांची टिकटिक लावून घड्याळ जुळवायचे. एकदा सिन्नरच्या जीपवाल्याला त्यांनी विचारलं, "नक्की किती वाजता सुटणार?" तो म्हणाला, "काका, शीटं भरली का आठ वाजले समजा." काका हे कौतुकाने सगळ्यांना सांगत.

मला मात्र पकडून अणुघड्याळ समजावत. "अगं सुमन, अणूची थरथर कधी चुकत नाही. पृथ्वीचं तसं नाही, ती फिरता फिरता मागे पडते. मग काही वर्षांनी घड्याळं एक सेकंद जादा मोजतात, तिला गाठू देतात. कुणीतरी कुणासाठी थांबतं बघ!" आपल्याकडे तो सेकंद पहाटे साडेपाचच्या आत येतो. नव्याण्णव सालच्या पहिल्या सकाळी तो त्यांनी काकूंबरोबर ऐकला होता. पुढचा यायला सात वर्षं लागली, आणि तोवर काकू गेल्या.

पेपरात बातमी आली तसे काका वर आले. "येशील ना ऐकायला? एकट्याने नको वाटतं." मी म्हटलं, "येणार म्हणजे येणार!" आमचं घड्याळ सगळ्यांसारखंच दहा मिनिटं पुढे. त्यांना ते बघवेना. स्टुलावर चढून त्यांनी ते स्वतः बरोबर लावलं.

आणि तिथेच घात झाला. पहाटे उठले, घड्याळात पाच पंचवीस. जन्माची सवय हो! मनातल्या मनात दहा मिनिटं वजा केली, म्हटलं सव्वापाचच तर झालेत, आणि निवांत चहा टाकला. खाली गेले तेव्हा रेडिओ बंद होता. टेबलापाशी दोन खुर्च्या, दोन कप, माझ्या कपावर साय धरलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीबाही सांगू लागले. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकच सेकंद होता गं. तो किती थांबणार?"

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हणाले. पुढची वेळ त्यांच्या नशिबी नव्हती. दोन हजार आठच्या दिवाळीनंतर ते गेले. सटाण्याचा पुतण्या घर आवरायला आला, त्याच्याकडून मी तो रेडिओ मागून घेतला. पेपरात पुन्हा बातमी होतीच.

एक जानेवारीला मी पाचलाच उठून बसले. चहाबिहा काही नाही. शेजारी एक खुर्ची ठेवली. खरखरीतून टिकटिक येत होती. मी बोटांवर मोजत होते... अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. आणि मग आणखी एक.

"काका, आला हो!" मी मोठ्यांदा म्हणाले. घरात अजून कुणी उठलं नव्हतं.