बिनमिठाचा भोपळा

एनोकाअंकलना कुठे निघालात, असं कोणी विचारत नसे. बेटाच्या दक्षिण कोना भागातल्या किनाऱ्यावर होडी पाण्यात लोटणाऱ्या माणसाला तसं विचारायचं नसतं, कारण माशांना कान असतात. ‘मासे धरायला चाललो’ असं माणूस जमिनीवर बोलला, की ते बोलणं त्याच्या आधी पाण्यात पोहोचतं, आणि माणूस मागाहून रिकाम्या समुद्रात पोहोचतो. म्हणून अंकल होडीपाशी दिसले, की शेजारी आभाळाकडे बघत. अगदी जवळचा असला तर म्हणे, “फिरायला वाटतं?” अंकल म्हणत, “फिरायला.” एवढ्यावर भागत असे.

एरवी ते दिवसभर जुन्या कोळीगावात बसत. त्या गावात आता कोणी राहत नाही. दगडी जोती, गवताने शाकारलेली घरं, होड्यांचा मांडव, मीठ वाळवायचे खोलगट दगड, हे सगळं सरकारने राखून ठेवलं आहे, आणि जुनी कामं जुन्या रीतीने चालू राहावीत म्हणून पगारी माणसं नेमली आहेत. एक बाई केवड्याच्या पानांच्या चटया विणते. दुसरी झाडाची साल कुटून कापड करते आणि दिवसभर ठकठक ऐकून स्वतःच थोडी बहिरी झाली आहे. एनोकाअंकलकडे जाळं होतं. होड्यांच्या मांडवात मांडी घालून ते लाकडी सुईने जाळं विणत, फाटलेलं सांधत, आणि पर्यटकांनी विचारलं तर उत्तर देत. प्रश्न बहुधा एकच असे, की एक जाळं विणायला किती वेळ लागतो. अंकल सांगत, कोण बोलायला आलं आहे त्यावर अवलंबून असतं.

कोळीगावाचा प्रमुख ग्लेन तोकुनागा. त्याचा बाप आणि अंकल एका वर्गात होते, त्यामुळे माशांच्या कानांबद्दल त्याला नव्याने सांगायची गरज नव्हती. पण होनोलुलूच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला, की प्रत्येक कार्यक्रमाची वेळ फळ्यावर लिहा. ग्लेनने नाइलाजाने लिहिलं, ‘शनिवार, सकाळी नऊ, पारंपरिक ओपेलू मासेमारी.’ शनिवारी अंकल आले, फळा वाचला आणि घरी जाऊन झोपले. पुढच्या शनिवारीही तेच झालं. शेवटी ग्लेनने फळा पुसून लिहिलं, ‘एनोकाअंकल फिरायला जातात.’ होनोलुलूने हरकत घेतली नाही. एक कुटुंब मात्र अंकलच्या मागोमाग स्वच्छतागृहापर्यंत गेलं आणि बाहेर कॅमेरे सरसावून उभं राहिलं.

ओपेलू हा आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा. त्याला नुसता पकडता येत नाही, आधी पोसावा लागतो. किनाऱ्यापासून थोडं बाहेर, खोल पाण्यात त्याची एक ठरलेली जागा असते. तिथे वर्षातले निम्मे महिने रोज होडी न्यायची, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा आणि अळकुड्या पाण्यात सोडायच्या, आणि हात हलवत परत यायचं. त्या काळात जाळं टाकणं पाप. मासे जेवतात, अंगाने भरतात, जागेला लागतात, आणि ऑगस्ट आला की मग त्यातले लागतील तेवढे घ्यायचे. चारा भाजीपाल्याचाच हवा. मांसमच्छीचा टाकला, तर मोठे मासे येतात आणि जागा नासते. अंकलची जागा त्यांच्या आज्यापासून चालत आलेली. हलिआकाआँटी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, की आपला नवरा भोपळ्याचा शौकीन आहे. घरच्यांच्या वाट्याला फक्त साली आणि बिया येतात, हे त्यांना आठवड्याभरात कळलं.

जानेवारीत अंकलचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता वल्हं मारायचं नाही. अंकलनी विचारलं, किती दिवस. डॉक्टरांनी दिवस सांगितले नाहीत.

ग्लेनने मनापासून वाईट वाटून घेतलं आणि मग एक सुचवलं. जाळं भिंतीवर लावू. पुढे काच, वर छोटा दिवा, खाली अंकलचं नाव. अंकल म्हणाले, काचेमागे ते वाळणार कसं? ग्लेन म्हणाला, ते भिजणारच नाही ना, अंकल. त्या दिवशी त्यांनी डबा मांडवात न खाता दूर मिठाच्या दगडांपाशी जाऊन खाल्ला.

भिंत टाळायची तर एकच मार्ग होता. महिन्याभरात कोणीतरी चारा घालायला लागलं पाहिजे. एक हंगाम चुकला, की मासे ती जागा विसरतात, आणि मग जाळं खरोखरच फक्त भिंतीच्या कामाचं. मुलगा लास व्हेगासला, एका हॉटेलात पत्त्यांची टेबलं सांभाळतो. अर्धं कोना तिकडेच आहे. अंकलनी त्याला फोन केला, पण ही गोष्ट फोनवर बोलायची कशी? त्यांनी हवा कशी आहे ते विचारलं. तो म्हणाला, कोरडी आहे. विषय संपला.

उरली नोहेआ, त्याच मुलाची मुलगी. वय तिशीचं, दंड वल्हेकऱ्याचे, आणि ते शोभेचे नव्हते. होड्यांच्या शर्यतीत ती क्लबकडून पुढच्या जागेवर बसे. पोटापाण्यासाठी कोळीगावाच्या फाटकावर तिकिटं देई. सगळ्या नातवंडांसारखी तीही अंकलना तुतू म्हणे. तिच्यात खोट एकच होती. ती बोलायची. तिकीट घेणाऱ्याला तिकिटाबरोबर चटईवालीच्या गुडघ्याची आणि ग्लेनच्या घटस्फोटाची हकिकत मिळे, वर पैसे न घेता. अशा तोंडाच्या माणसाला होडीत कोण बसवणार? पण दुसरं कोणी नव्हतं.

आता तिला सांगायचं कसं? सांगायचंच नाही, हीच तर पहिली अट. अंकलनी एके पहाटे तिच्या दाराशी एक लाल भोपळा नेऊन ठेवला.

नोहेआने त्याची नारळाच्या दुधात भाजी केली, वाडगाभर आजोबांना आणून दिली आणि छान झाली आहे का, असं विचारलं. अंकल म्हणाले, छान झाली आहे. त्यांनी दुसरा भोपळा ठेवला. त्याचे वाटीकेक झाले आणि फाटकावर सगळ्यांना वाटले गेले. ग्लेनने दोन खाल्ले. तिसऱ्या भोपळ्याबरोबर अंकलनी अळकुड्याही ठेवल्या आणि वर, आता तरी कळेल म्हणून, चाऱ्याची जुनी पिशवी ठेवली. नोहेआने पिशवी धुऊन वाळवून परत केली.

जानेवारी संपत आला. रात्रीच्या जेवणात अंकलचं लक्ष लागेना. हलिआकाआँटी हे सगळं बघत होत्या. माशांचा नियम त्यांनाही लागू होता, पण स्वयंपाकाबद्दल बोलू नये असा नियम कोणी केलेला नव्हता. त्या उठून नोहेआकडे गेल्या. ती चौथा भोपळा चिरत होती.

आँटी म्हणाल्या, “त्यात मीठ घालू नकोस.”

“मीठ नको? मग खाणार कोण ते?”

आँटी तिच्याकडे बघत राहिल्या. नोहेआची सुरी थांबली. तिने एकदा भोपळ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतून समुद्राकडे, आणि कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच पुढचं वाक्य गिळलं.

“मऊ शिजवू ना?” एवढंच तिने विचारलं.

“अगदी मऊ. दात नाहीत म्हणून समज.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना अंकलची उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली होडी जागेवर नव्हती. जाळ्याची एक गाठ सैल वाटते, असं सांगून अंकल लवकर मांडवात आले. पाणी आरशासारखं होतं, आणि अशा पाण्यावरून आवाज फार लांब जातो. बाहेरून, चाऱ्याच्या जागेवरून, नोहेआचा आवाज येत होता. ती एकटी होती आणि बोलत होती.

अंकलनी सुई खाली ठेवली. त्यांचा आजा त्या जागेवर खोकतसुद्धा नसे. बाप होडीच्या कडेला वल्ह्याने तीन ठोके देई, त्यावर मासे येत. ठोक्यांपलीकडे त्या पाण्यात माणसाचा आवाज कधी पडला नव्हता. आणि ही पोरगी तिथे गावातल्या कपेकाआँटीच्या जावयाच्या ट्रकबद्दल सांगत होती. सगळं ऐकू येत नव्हतं, पण ट्रक ऐकू आला.

अंकलनी तिला थांबवलं नाही, कारण थांबवायचं तर विषय काढावा लागला असता. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. रोज सकाळी आवाज बाहेर जाई आणि होडी परत येई. मासे येतात की नाही, हे अंकल विचारू शकत नव्हते, आणि नोहेआ, जगातली कुठलीही गोष्ट सांगणारी नोहेआ, ही एक सांगत नव्हती. ग्लेन एकदा भिंतीचं माप घेऊन गेला. घाई नाही, असं म्हणत घेतलं, पण घेतलं.

शेवटी आँटीच म्हणाल्या, की डॉक्टरांनी वल्हं मारू नका म्हटलं आहे, बसू नका असं कुठे म्हटलं? एप्रिलमधल्या एका पहाटे अंकल होडीत जाऊन बसले, सामान बसतं तसे. मांडीवर काचेच्या तळाची पेटी, पाण्याखाली बघायची. नोहेआने काही विचारलं नाही आणि होडी लोटली.

जागेवर पोहोचल्यावर तिने चारा सोडायला घेतला आणि तोंडही सोडलं. कपेकाआँटीचा जावई, त्याने विकत घेतलेला ट्रक, ट्रकाच्या मूळ मालकाची बायको. अंकलनी पेटी पाण्याला टेकवून आत पाहिलं. खाली नुसता निळा अंधार होता. मग त्यात कुठेतरी चकाकलं. मग पुन्हा. आणि मग पूर्ण थवा वर आला, एका अंगाने वळत, भोपळ्यात तोंड घालत. त्यांच्या उमेदीतही एवढा थवा त्यांनी क्वचित पाहिला होता.

अंकलना राहवलं नाही. डाव्या हाताने वल्हं उचलून त्यांनी होडीच्या कडेला बापासारखे तीन ठोके दिले.

थवा फुटला. क्षणात खाली काही उरलं नाही, भोपळ्याचे कण तेवढे तरंगत राहिले.

नोहेआ बोलायची थांबली. अंकलनी वल्हं हळूच होडीच्या तळाशी ठेवलं आणि हात पुसला, तो ओला नव्हता तरी.

“मग?” ते म्हणाले. “मालकाच्या बायकोचं काय झालं?”

“ती माहेरी गेली ना, तुतू. हिलोला. आणि चावी तिच्याकडेच.”

“चावी घेऊन गेली?”

“तेच तर सांगते.” आणि ती सांगत राहिली. चावीची गोष्ट हिलोपर्यंत पोहोचेतो मासे परत वर आले. त्यांनी गावातल्या सगळ्या भानगडी ऐकल्या होत्या. मासेमारी हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

अंकल त्यानंतर होडीत बसले नाहीत. मांडवात बसून त्यांनी जाळं पुरं केलं, आणि त्या उन्हाळ्यात ते नेहमीपेक्षा लवकर पुरं झालं, कारण कोण बोलायला येतं याकडे त्यांचं लक्ष नसे.

ऑगस्टात फळ्यावर ‘नोहेआ फिरायला जाते’ असं लिहिलेलं होतं. ती क्लबातल्या एका मैत्रिणीला घेऊन गेली, जी मुळीच बोलत नाही, म्हणजे एकीचं दुसरीला अडत नाही. होडी परत आली तेव्हा पाण्यात चांगली खोल बसली होती. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. गावची माणसं पुढे होऊन, काही न विचारता, होडी ओढू लागली. ग्लेनही बूट काढून लागला. जाळं ओलं होतं आणि त्याचा वास येत होता. ग्लेनने त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीबद्दल पुन्हा काही म्हणाला नाही.

किनाऱ्यावर मासे वाटायचे असतात, आणि ते होडीच्या मुख्य माणसानेच वाटायचे. मागायचं कोणी नाही, जो हजर असेल त्याला मिळतं. बाप गेल्यापासून हे काम अंकलचं होतं. ते सवयीने येऊन माशांच्या ढिगापाशी उभे राहिले, बाह्या सारल्या आणि थोडे वाकले.

नोहेआ म्हणाली, “तुतू, तुम्ही तिकडे उभे राहा ना.”

“कुठे?”

“कपेकाआँटीच्या शेजारी.”

कपेकाआँटीच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवा, म्हातारी, आणि ज्यांना आता पाण्यात जाता येत नाही अशी माणसं कडेच्या नारळाखाली उभी राहतात. अंकल बाह्या खाली करत तिकडे गेले. कपेकाआँटी सरकल्या आणि त्यांनी सावलीत जागा दिली.

नोहेआने पहिला मासा खाडीच्या तोंडाशी असलेल्या देवाच्या दगडासाठी बाजूला काढला. मग ती नारळाखाली आली. पहिला वाटा कपेकाआँटींना, दुसरा अंकलना. फार मोठे नाहीत, फार लहान नाहीत, वाळवायला बरे असे निवडलेले. मग ओढणाऱ्यांचे वाटे, मग ग्लेनचा, आणि होडीचा सगळ्यांत शेवटी. क्रम कुठे चुकतो का, हे अंकल मान लांब करून बघत होते. चुकला नाही. त्यांनी तिला तो कधी शिकवला नव्हता.

घरी त्यांनी मासे ओट्यावर ठेवले. हलिआकाआँटींनी विचारलं, कोणी दिले?

“होडी जिची आहे, तिने,” अंकल म्हणाले.

आँटींनी माशांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सांगितलं, की स्वयंपाकघर आत्ताच पुसलं आहे, साफ करायचे तर बाहेर जाऊन करा. अंकल सुरी आणि पाट घेऊन बाहेर गेले.