पंखे वगळून

वीज न वापरण्याचे पैसे मिळतात, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. माझ्या सासूबाईंची तर खात्री आहे की ही कंपनी एक दिवस गाशा गुंडाळून पळून जाणार. धंदा खरं तर साधा आहे. भर दुपारी विजेची मागणी एकदम वर जाते आणि पुरवठा कमी पडू लागतो. त्या दोन-चार तासांसाठी नवं वीजकेंद्र उभारण्यापेक्षा मोठ्या ग्राहकांना थोडा वेळ वापर कमी करायला सांगणं स्वस्त पडतं. असे ग्राहक आम्ही आधीच जमवून ठेवतो. ग्रिडचा निरोप आला की आम्ही त्यांना निरोप देतो, ते काहीतरी बंद करतात, मीटरवर घट दिसते. ग्रिड त्याचे पैसे देतं, त्यातला वाटा आम्ही घेतो.

सिंगापूरमध्ये हे काम मी बरीच वर्षं केलं. मग इथले मॉल, शीतगृहं, ऑफिसच्या इमारती संपत आल्या. बेट केवढं, इमारती किती. म्हणून बाहेरचे देश पाहायचं ठरलं आणि कुठे जावं हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. विभाग म्हणजे मी आणि नाशिकची एक मुलगी. मुलगी म्हणजे बत्तीस वर्षांची, एका लेकीची आई. मी पन्नाशीला टेकले आहे, त्यामुळे मला आता सगळ्याच मुली वाटतात.

ती पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरीला बांधलेला, नवरा आणि लेक तिच्या पासवर. नवरा पुण्यातली नोकरी सोडून आला होता आणि वर्षभर इथे अर्ज करत होता. तिची नोकरी गेली असती तर महिनाभरात तिघांना परत जावं लागलं असतं. मी कायमची रहिवासी, बुकित पंजांगला स्वतःचं घर. आमच्या साहेबांनी, ते इथलेच चिनी गृहस्थ, मला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं, ‘वर्षअखेरपर्यंत एकही देश रेषेच्या वर आला नाही तर विभाग बंद. तुला मी इथल्या कामात घेईन. तिला घेता येणार नाही.’ रेषा म्हणजे पहिल्या कारखान्यांकडून किमान किती घट मिळायला हवी याचा संचालकांनी ठरवलेला आकडा. हे तिलाही माहीत होतं. तिच्यापासून लपवणं मला पटलं नसतं.

तीन देश यादीत होते. पहिल्याचे नियम परदेशी कंपनीला आत येऊ देत नव्हते. दुसऱ्यात मोबदला इतका कमी होता की मेहनत अंगाशी आली असती. उरला तिसरा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे मोठे कारखाने मोजके आहेत आणि ओळखायला वेळ लागणार नाही. कपडे शिवायचे कारखाने बरेच, नियम सुटसुटीत, मोबदला चांगला. कागदावर तो देश उत्तम दिसत होता.

तो कागद माझाच होता. कारखान्याकडून काय काय बंद करता येईल हे भरून घ्यायचा तक्ता मी इथल्या इमारतींसाठी कधीतरी बनवला होता, तोच तिकडे पाठवला. त्यात एक रकाना होता, ‘सोयीचा लोड’. म्हणजे एसी, पंखे, हवा खेळती ठेवणारी यंत्रं. इथे मॉलचा चिलर अर्धा तास बंद ठेवला तर कुणाला पत्ता लागत नाही. इमारत थंडी धरून ठेवते. आमच्या ऑफिसात तर चाचणीच्या दिवशी बायका स्वेटर काढून खुर्चीला लावतात आणि आमचे आभार मानतात. तिकडच्या कारखान्यांनी तो रकाना भरभरून भरला. आकडे पाहून मी खूश झाले. एवढी घट सोयीच्या लोडमधून निघते म्हणजे उत्पादनाला धक्काही नाही, असं मी पहिल्या टिपणात लिहिलंसुद्धा.

दोन चाचण्या आम्ही इथूनच घेतल्या, स्क्रीनवर पाहत. दोन्ही वेळा निरोप गेल्यावर मीटरची रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली आली आणि तासभर तिथेच राहिली. ‘ताई, अशी रेघ आपल्याला सिंगापूरमध्ये कधी मिळाली नाही,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘फ्रेम करून लाव घरी.’

तिसऱ्या चाचणीला ग्रिडच्या लोकांना आमचं कुणीतरी समोर हवं होतं, म्हणून मी गेले. कारखाना शहराबाहेर. पत्र्याची लांबलचक शेड, आत शिलाई मशीनच्या रांगा, प्रत्येक मशीनवर एक बाई. एका भिंतीला माणसाच्या उंचीचे एक्झॉस्ट पंखे, समोरच्या भिंतीला हवा गार करणारे, पाणी झिरपणारे पॅड. कारखान्याचे विद्युत अभियंता माझ्याबरोबर होते. चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, मोडकं पण नीट इंग्रजी बोलणारे. दुपारी दोनला निरोप आला. त्यांनी पॅनेलपाशी जाऊन एकेक बटण खाली केलं. मशीन चालूच राहिल्या. पंखे थांबले.

मी विचारलं, ‘मशीन का नाही बंद केल्या?’

‘ऑर्डर आहे, मॅडम. मशीन कशा बंद करणार? तुमच्या तक्त्यात होतं ना, सोयीचा लोड.’

पत्रा काही थंडी धरून ठेवत नाही. दहा मिनिटांत माझा कुर्ता पाठीला चिकटला, विसाव्या मिनिटाला श्वास जड वाटायला लागला. बायका मान खाली घालून शिवत होत्या. काहींनी गळ्याभोवती ओली फडकी घेतली होती. ती घरून आणली होती, म्हणजे आज काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. ग्रिडला वीज कमी पडते ती सगळ्यात तापलेल्या तासाला. त्यामुळे आमचा निरोप नेहमी त्याच तासाला जाणार, हे मी नऊशे वेळा स्लाइडवर दाखवलं असेल. तिथे उभी राहीपर्यंत ते या पंख्यांना जोडून पाहिलं नव्हतं.

पंचविसाव्या मिनिटाला मागच्या रांगेतली एक बाई मशीनवर वाकली ती वर आलीच नाही. दोघींनी तिला काखेत धरून बाहेर नेलं. मग दुसरी. शेजारची मशीन क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. माझा फोन वाजला. सिंगापूरहून तिचा मेसेज, ‘ताई, लाइन सुंदर आलीये. आधीच्या दोन्हींपेक्षा.’

मी अभियंत्याला म्हटलं, ‘पंखे लावा.’

‘आत्ता लावले तर चाचणी फेल. मालक स्वतः बघत आहेत. आणि मॅडम, घाबरू नका. पहिल्या वेळी पाच जणी चक्कर येऊन पडल्या होत्या. आता सवय होतेय.’

‘मालकांना विचारा.’

त्यांनी फोन लावला, बोलले, फोन ठेवला. ‘मालक म्हणतात सिंगापूरला विचारा.’

‘सिंगापूर म्हणजे मीच. लावा पंखे.’

‘लेखी द्या.’

मी तिथेच उभ्याउभ्या मेल लिहिला. घामाने बोटं स्क्रीनवर घसरत होती. तो मालकांकडे गेला, तिथून ग्रिडच्या माणसाकडे, त्याने मला फोन करून दोनदा विचारलं की चाचणी रद्द करायचं कारण तांत्रिक आहे का. हे होईपर्यंत तीन वाजले आणि पंखे वेळेवर, नियमाप्रमाणे, सुरू झाले. चाचणी पास झाली. मी बाहेर व्हरांड्यात गेले. तिघी सिमेंटवर आडव्या होत्या आणि एक बाई त्यांच्या पायावर पाणी ओतत होती. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी कोण हे त्यांना माहीतही नव्हतं.

परत आल्यावर मी तिला जे पाहिलं ते सांगितलं, आणि बाकीच्या कारखान्यांना फोन करून सोयीच्या लोडमध्ये नेमकं काय आहे ते विचारायला सांगितलं. तिने तीन दिवस फोन केले. चौथ्या दिवशी तक्ता माझ्यासमोर ठेवला. त्यात तिने स्वतःहून एक रकाना वाढवला होता, ‘पंखे वगळून’. त्यातला एकूण आकडा रेषेच्या खूप खाली होता. तो तक्ता म्हणजे स्वतःच्या घरचा पत्ता खोडणं होतं, आणि एकही ओळ सैल नव्हती.

दुपारी आम्ही खालच्या हॉकर सेंटरला जेवायला गेलो. तिने दोशाला हात लावला नाही.

‘ताई, तळटीप टाकूया. कामगारांच्या तब्येतीची जबाबदारी कारखान्याची.’

‘तळटिपा गेली वीस वर्षं मीच लिहितेय गं. कोण वाचतं?’

‘मग अट घालू. तापमान इतक्यावर गेलं तर पंखे लावायचे.’

‘कोण बघणार? आपल्याला मीटर दिसतो. शेड दिसत नाही.’

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘आपण नाही गेलो तर दुसरं कुणीतरी जाणारच.’

‘जाईल.’

‘तुम्हाला काय, तुमचं घर आहे इथे.’

खरं होतं. माझा दोसा मी संपवला. तिचा पार्सल करून घेतला. लेकीला आवडतो म्हणाली.

साहेबांनी अहवाल वाचायच्या आधीच मला केबिनमध्ये बोलावलं. ‘लांबलचक नको. कॅन ऑर कॅनॉट?’

‘कॅनॉट.’

‘ग्रिड म्हणतं तिन्ही चाचण्या पास.’

‘पंखे बंद करून पास.’

त्यांनी तक्ता पाहिला, दोन रकाने पाहिले, चष्मा काढून डोळे चोळले. ‘पंख्यांसह आकडा तर छान आहे,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, ‘ठीक आहे. अहवालावर तू सही केलीस ना?’ मी केली होती. माणूस वाईट नाही. त्याला फक्त कुणाची तरी सही हवी होती.

विभाग बंद झाला. मला इथल्या शीतगृहांचं काम मिळालं. तिला नोटीस मिळाली. निरोपाचा केक कापला तेव्हा ती हसून सगळ्यांशी बोलली आणि माझ्याशीही बोलली, फक्त ‘ताई’ म्हणायची थांबली. मी तिला दोन-तीन कंपन्यांचे पत्ते पाठवले. तिने ‘थँक्स’ लिहिलं. पुंगोलच्या फ्लॅटची जाहिरात मी एका मराठी ग्रुपवर पाहिली. पलंग, वॉशिंग मशीन, लहान मुलीची सायकल, सगळं एकत्र घेणाऱ्याला स्वस्तात.

तिची नोकरी सुटल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या एचआरमधली बाई. ही कंपनी त्या तिसऱ्या देशात उतरते आहे हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. कारखाने तेच. दुसरे आहेतच कुठे?

‘ती तुमच्याकडे कारखान्यांचे तक्ते करत होती?’

‘हो.’

‘कामात काटेकोर आहे?’

‘फार.’

‘पुन्हा संधी मिळाली तर तिला घ्याल?’

‘उद्या.’

‘काळजी वाटण्यासारखं काही?’

तिने तक्त्यात वाढवलेल्या त्या रकान्याबद्दल सांगावं असं एकदा मनात आलं. सांगितलं असतं तर कदाचित तिला घेतलं नसतं. मी म्हटलं, ‘काही नाही.’

तिला पास मिळाला. जाहिरात ग्रुपवरून निघाली. महिन्याभराने तिचा मेसेज आला, पुन्हा ‘ताई’ने सुरू होणारा. तोच देश तिच्याकडे दिला होता, आणि पुढच्या चाचणीच्या दिवशी आपण स्वतः जाऊन शेड पाहणार, असं तिने लिहिलं होतं.

मी लिहिलं, ‘दुपारी दोनच्या आत पोच. पाणी बरोबर ने.’

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. प्रवास मंजूर झाला नव्हता. काम इथूनच करायचं होतं, स्क्रीनवर.