फाइल कुठल्या हातात होती?

छोटे साहेब,

या नावाने हाक मारली की तुझ्या कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे मला. पडू दे. तुला साठ वर्षं झाली तरी स्टुडिओतला पहारेकरी याच नावाने सलाम ठोकतो, कारण मोठे साहेब म्हणजे तुझे वडील. तुझ्या साठीच्या अंकासाठी माझ्याकडे आठवणी मागितल्या आहेत. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. ती सांगते आणि मोकळी होते.

तुझ्या वडिलांची एक लकब होती. वाक्य बोलायच्या आधी ते डाव्या हाताने कॉलर नीट करायचे आणि थिएटरात शिट्ट्या पडायच्या. तू बावीस वर्षांचा झालास तसं त्यांनी तुला हीरो केलं. कंपनी त्यांची, शिंपी त्यांचा, केसांचा भांगसुद्धा त्यांचाच. तूही कॉलर नीट केलीस. लोक हसले. तीन चित्रपट आले आणि आठवड्याभरात उतरले. 'खाण तशी माती' म्हणून हार घालणारेच मग 'दिव्याखाली अंधार' म्हणायला लागले.

चौथ्याची बोलणी चालली होती, तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलंस, "बाबा, आता माझ्यासाठी चित्रपट काढू नका." आणि एका फिरत्या नाटक कंपनीत गेलास. चार वर्षं पडदे बांधलेस, खिळे ठोकलेस, विंगेत उभं राहून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं पुरवलीस. तुझी आई मला म्हणाली, "अहो, पोराच्या हातांना घट्टे पडलेत हो." मी म्हटलं, "बरं झालं. हात आता त्याचे स्वतःचे झाले."

साफ चुकले होते मी.

परत आलास तो एका कारकुनाच्या भूमिकेत. प्रसंग पाच, त्यातला महत्त्वाचा एक. साहेब नोकरी संपल्याची चिठ्ठी टेबलावर सरकवतो, कारकून उभ्या उभ्या ती वाचतो. बस्स. माझं काम सेटवर वही घेऊन बसायचं. कुठलं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी किती होतं, फाइल कुठल्या हातात होती, सगळं टिपायचं, म्हणजे दोन शॉट जोडले की डोळ्यांना खुपत नाही. वही 'जुळत नाही' म्हणाली, की दिग्दर्शकालाही शॉट पुन्हा घ्यावा लागे.

पहिल्या टेकला तू चिठ्ठी फार छान वाचलीस. आणि मग तुझा डावा हात वर गेला. कॉलर! लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच, "ओके! शिट्ट्या पडणार, शिट्ट्या!"

तू माझ्याजवळ आलास.

"बाई, तो हात माझा नव्हता. हा शॉट चित्रपटात गेला तर मी संपलो. पुन्हा घ्यायला लावा."

"अरे, तो ओके म्हणतोय. मी कोण?"

"तुम्ही नाही. तुमची वही."

एकतीस वर्षांत त्या वहीत खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "जुळत नाही. दारातून येताना फाइल डाव्या हातात होती, इथे उजव्या हातात आहे." खरं तर दारातही उजव्याच हातात होती. पण डावा हात अडकला की कॉलरकडे जाणार कसा?

"बाई, तुमची वही म्हणजे माझी सासू आहे," दिग्दर्शक करवादला. पण शॉट पुन्हा लावला.

तू फाइल निमूट डाव्या हातात घेतलीस. चिठ्ठी वाचलीस. मग खिशातलं पेन काढलंस, ते ऑफिसचं आहे हे आठवल्यासारखं क्षणभर पाहिलंस आणि टेबलावर, साहेबासमोर, सरळ ठेवून दिलंस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. हात मी बांधला, पेन मात्र तुझं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. लाइट बंद करायचंही कुणाला सुचेना.

चित्रपटात आजही फाइल दारापासून टेबलापर्यंत हात बदलते. कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे पेन बघत असतात.

पहिल्या खेळाला मोठे साहेब आले होते. कुणीतरी चमचा म्हणाला, "साहेब, अगदी तुमच्यासारखं!" ते खेकसले, "काय माझ्यासारखं? डोळे तपासून घ्या." आणि तुला एवढंच म्हणाले, "कारकून बरा होता." त्या माणसाच्या तोंडचं 'बरा' म्हणजे काय, ते तू रात्रभर जागून मोजलं असशील.

पुढे तीस वर्षं तू डॉक्टर झालास, न्यायाधीश झालास, सतरा मुलींचा बाप झालास. वेळेवर येतोस, वाक्यं पाठ असतात, आणि कॅमेरा तुझ्यावर नसतानाही समोरच्या नवख्या पोरीसाठी आपलं वाक्य जीव ओतून बोलतोस. असे नट मी बोटांवर मोजले, तर एका हाताची बोटंही उरतात.

मग स्टुडिओच्या जिन्यात नटांचे फोटो लागले. तुझ्या फोटोखाली आधी मोठ्या अक्षरांत वडिलांचं नाव, 'यांचे चिरंजीव', आणि खाली बारीक तू.

"बाई, तुमची जीभ तिखट आहे. मॅनेजरला सांगून तेवढी वरची ओळ काढायला लावा. मी सांगणं बरं दिसत नाही."

"उद्याच जाते," मी म्हटलं. गेले, तर मॅनेजर रजेवर. त्यानंतर मोठे साहेब आजारी पडले आणि गेले. दुसऱ्यांदा निघाले, चपला पायात घातल्या, आणि तुझा फोन आला.

"बाई, बाबांना जाऊन पंधराच दिवस झालेत. आत्ता नको. थोडं थांबा."

थांबले. नंतर तू विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. परवा जिना चढले, तेव्हा ओळ तशीच होती.