यंत्राचा पाहुणचार

काय सिद्ध करायचं ते आधी ठरवून तुम्ही कधी पुरावा शोधायला निघाला आहात का? मी निघाले होते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा वस्तीसाठी पत्रकं लिहायचे. छापखान्यातून आलेल्या, शाईचा वास येणाऱ्या गठ्ठ्यांवर बोट फिरवत मी अक्षरं ओळखायला शिकले. पत्रकाचं पहिलं वाक्य ठणकावून बोलणारं हवं, हे मला तेव्हापासून ठाऊक. माझं वाक्य तयार होतं : टिनाची घरं म्हणजे भट्ट्या.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळी संशोधन उपक्रमात माझी निवड झाली. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक शास्त्रज्ञ मार्गदर्शक मिळतो. मला मिळालेल्या मॅडम इमारतींच्या उष्णतेवर काम करणाऱ्या. मी विषय मांडला : शहरातल्या सक्करदरा भागाच्या पलीकडची आमची वस्ती, तिथली टिनाची छपरं आणि आतलं दुपारचं तापमान. उन्हाळ्याच्या शेवटी हे काम शहराचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे जाणार होतं. छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग सरकारी खर्चाने द्यायचा की नाही, ते त्यावर ठरणार होतं. गल्लीत लहानथोर सगळ्यांना हे माहीत होतं.

घरोघरी आम्ही तापमान नोंदणारी बोटभर यंत्रं टांगली. आठवड्याने आलेख काढला आणि माझं तोंडच उतरलं. मे महिना, बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, आणि आमच्या गल्लीतली निम्मीअधिक घरं ऐन दुपारी गार पडत होती.

"ही घरं गाळून टाकू," मी म्हटलं. "यंत्रं बिघडली असतील."

"कशावरून?"

"आकडे चूक आहेत, मॅडम."

"चूक आहेत की तुला नको आहेत? पत्रकच काढायचं होतं तर एवढ्या उन्हात यंत्रं टांगत काहून फिरलीस? पंख्याखाली बसून लिहिलं असतंस."

मला झोंबलं. "हा आलेख दाखवला तर रंग विसरा. एसीत बसणाऱ्यांना आमची वस्ती थंड हवेचं ठिकाण वाटेल."

"वाटेलच. म्हणून त्यांच्या आधी आपल्याला समजलं पाहिजे, हे काय होऊन राहिलं ते. गाडी काढ."

मला एकटीला पाठवतील असं वाटलं होतं. पण मॅडम तोंडाला स्कार्फ गुंडाळून माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

पहिलं घर शेजारच्या काकूंचं. छपरावर ओली पोती पसरलेली. आत कूलरचं तोंड थेट माझ्या यंत्राकडे. काकू स्वतः बाहेर कडुनिंबाखाली पदराने वारा घेत बसलेल्या.

"काकू, हे काय?"

"काय म्हणजे? येवढीशी नाजूक मशीन. गरमीनं खराब झाली त मॅडम तुलेच बोलतीन ना वं!"

"अन् कूलर?"

"तिच्याकडे फिरवला. आमाले काय होते? आमाले सवय आहे."

समोरच्या दारातून एक आजोबा ओरडले, "आमी त सकाळपासून टिनावर पाणी मारून राहिलो! घरी आलेल्या पाहुण्याले उकडू द्याचं का वं?"

मग एकेक उलगडत गेलं. लेक शिकून यंत्र घेऊन आली, त्याची आबाळ होऊ नये, असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणी खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती. एका घरात तर यंत्रालाच ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. मी कपाळाला हात लावला. मॅडम मात्र इतक्या हसल्या की काकूही हसू लागल्या. पण हसणं थांबल्यावर मॅडम काकूंच्या बाजूला बसल्या, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि विचारात पडल्या.

मला धीर कुठला. मी जाहीर केलं, "आता आठ दिवस टिनावर कोणी पाणी टाकायचं नाही."

आजोबा उसळले. "म्हंजे आमी उकडून मरावं अन् तुनं लिहून घ्यावं? मोठी आली सायंटिस्ट!"

"आजोबा बरोबर बोलून राहिले," मॅडम म्हणाल्या. "कोणी काहीही बंद करू नका. फक्त मशीनसाठी काही करू नका. स्वतःसाठी रोज करता तेच करा. पाणी टाकलं तर किती बादल्या टाकल्या आणि त्या कोणी वाहिल्या, तेवढं हिला सांगा."

कोणी वाहिल्या! आयुष्यभर मी धारदार वाक्यांत वाढले, पण एवढा न्याय एवढ्या साध्या प्रश्नात मावलेला मी पाहिला नव्हता. माणसाला त्रास देऊन मिळालेला आकडा त्यांना नको होता, आणि सोयीचा आकडाही नको होता.

आधीची सगळी मोजणी बाजूला ठेवून आम्ही नव्याने सुरुवात केली. उन्हाळा हातातून निसटत होता. मॅडम सुट्टीच्या दिवशीही यायच्या, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीत बायकांना आलेख समजावायच्या, त्यांच्या शंका ऐकायच्या. "तुमाले लेकरं नाहीत का घरी?" असं काकूंनी विचारलं, तर म्हणाल्या, "आहेत ना. नवऱ्याजवळ सोडून आली. करू द्या त्यालेही काम."

शेवटच्या सादरीकरणात एका अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं. "पण घरं दुपारी थंड होत आहेत की!"

माझ्या जिभेवर भट्टीचं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं आणि दुसरा आलेख लावला, पाण्याचा. "होतात, साहेब. बायका नळाचं पाणी भरून छपरावर ओततात म्हणून. पाणी संपलं की काय होतं, ते ही रेघ सांगते." ती रेघ उभी चढत गेली होती. मागच्या रांगेत मॅडम बसल्या होत्या. माझ्या वतीने त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. हे माझं काम आहे, असं सांगायची ती त्यांची रीत.

निर्णय अर्धाच झाला. पुढच्या उन्हाळ्याआधी गल्लीच्या एकाच बाजूची छपरं रंगवायची, गुण दिसला तर बाकीची. त्या बाजूला काकूंचं घर आहे, समोरचं आजोबांचं नाही. त्यांच्या डोक्यावर रंग यायचा तर पुढची मोजणी पक्की हवी. रंगाने किती फरक पडला, हे टिनाची घरं सांगतील. पण बाकीच्या शहरापेक्षा ती अजून किती जास्त तापतात, हे स्लॅबच्या घरांत मोजल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी मी पलीकडच्या कॉलन्यांमध्ये दारं वाजवत फिरते आहे. "आमच्याकडे कुठे गरमी?" म्हणतात. कोणी विचारतं, "त्या वस्तीतून आली का?" आणि जाळीचं दार लागतं.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. तुमचं घर स्लॅबचं असेल आणि माझ्यासारखी कोणी विद्यार्थिनी यंत्र घेऊन दारात आली, तर तिला आत घ्या. तिची उलटतपासणी करा, हरकत नाही. कूलर किंवा एसी रोज चालतो तसाच चालवा आणि तो किती तास चालला ते तिला खरं सांगा. भिंतीवर एक खिळा ठोकू द्या, आणि उन्हाळा संपेपर्यंत तो काढू नका.